उलट्या काळजाचा ट्रक

मी लढाईतला ट्रक बोलतोय, पण खुशीनं नव्हे. फाटकी छत्री बोलली, मोडकी खुर्ची बोलली, आता म्हणे तू पण तुझी कहाणी सांग. मला काय दुसरा धंदा नाही? पण मी गप्प बसलो तर तो होटगीचा मिस्त्री त्याचीच बाजू गावभर सांगत फिरणार. म्हणून ऐका. मधे बोलू नका.

जन्म माझा कॅनडातला. दुसऱ्या महायुद्धात बोटीतनं आलो, ब्रह्मदेशाच्या चिखलात दारूगोळा वाहिला. लढाई संपली आणि गोऱ्यांनी मला लिलावात काढला. दुधनीच्या एका अडत्यानं घेऊन शेंगांची पोती लादली. बाहत्तरच्या दुष्काळात मालच नव्हता, तेव्हा त्यानं मला मंद्रूपच्या माळावर सोडून दिला. तिथं कोंबड्यांनी संसार मांडला. बॉनेटखाली अंडी! वर माणसं म्हणायची, "बरी कामाला आली गाडी." गाडी कोण? मी ट्रक आहे, बाप्या आहे!

मग ईरप्पा आला. सोलापुरात जोडभावी पेठेत त्याची पिठाची गिरणी. कुणाला कबुतरांचा नाद, कुणाला तालमीचा. ह्याला माझा लागला. ट्रॅक्टरला बांधून घरामागच्या परड्यात आणला आणि दळण सोडून माझा गंज खरवडत बसला. निम्मा पिठानं पांढरा, निम्मा ग्रीसनं काळा. एवढी माया माझ्यावर फौजेतसुद्धा कुणी केली नव्हती.

त्याची बायको नीलम्मा. तिला मी डोळ्यांसमोर नको. त्यात लेकीचं लग्न ठरलं आणि मांडवाला परडंच पाहिजे झालं.

"ऐका री," ती म्हणाली, "हळदीच्या दिवशी हे धूड आपल्या पायानं भाईर गेलं तर ऱ्हाईल. न्हाई तर महबूबभाई नेतील तोडून."

महबूब म्हणजे भंगारवाला. तो रोज येऊन मला बोटानं टकटक वाजवून बघायचा, कलिंगड घ्यायला आल्यासारखा.

ईरप्पाचं जेवण सुटलं. त्यानं होटगीहून कुंडलिक मिस्त्रीला आणला. हा जन्मभर रेल्वेची इंजिनं दुरुस्त केलेला. त्यानं माझ्या मागच्या दोन चाकांमधला दात्यांचा गोळा खोलला. त्या गोळ्यावर चाकं फिरतात, म्हणजे माझं काळीजच ते. धुतलं, पुसलं आणि उलटं बसवलं.

"मिस्त्री, सरळ बसलं न्हवं?" ईरप्पानं विचारलं.

"इंजनाला उलटं काय न् सुलटं काय? आमची इंजनं दोनीकडं पळत्यात की!"

हळदीचा दिवस उजाडला. महबूब घण घेऊन फाटकात उभा. ईरप्पानं माझ्यापुढं नारळ फोडला. कुंडलिक तांब्या घेऊन मागच्या पत्र्याच्या संडासाकडं निघाला. "तुमी करा चालू, मी आलोच."

मी चालू झालो. खोकलो, थुंकलो, पण झालो! ईरप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पुढचा गिअर टाकला आणि मी निघालो सुसाट, मागं!

"अय्यय्यो! उलटं चाललंय की हे!"

ब्रेक लागेपर्यंत संडासाला माझा धक्का लागला, परड्याची भिंत पडली आणि मी मागच्या बोळात, नळाजवळ थांबलो. संडासाचे चारी पत्रे चारीकडं गेले. कुंडलिक तेवढा जागच्या जागी बसलेला, हातात तांब्या. नळावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"उलट्या काळजाची गाडी!" तो बसल्या बसल्या ओरडला.

महबूबनं घण खाली ठेवला. "भाभी, बाहर तो आ गई ना गाडी? अपने पाँव से!"

नीलम्मा पडक्या भिंतीकडं रागानं बघत होती. मग तिची नजर मिस्त्रीकडं गेली आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेना.

"भाईर म्हनले होते मी. कुटनं ते न्हवतं सांगितलं. ऱ्हाऊ द्या तुमचं धूड."

लग्नाची वरातही माझ्यातनंच निघाली. मी उलटा चाललो, म्हणून हौद्यातले नवरानवरी सगळ्यांच्या पुढं आणि ईरप्पा मान वळवून वळवून मागं. "माज्या लेकीच्या म्होरं कोन न्हाई!" नीलम्मा बोळभर सांगत सुटली. आता ती मला सरळ करूच देत नाही.

तेव्हापासून मी बोळात असतो. हिरवागार रंग लावलाय. रविवारी ईरप्पा मला उलटा फिरवून आणतो. पोरं माझ्या मागं पळतात, म्हणजे पुढं.

माझं मागणं थोडंच. मला गाडी म्हणू नका. बॉनेटवर पापड वाळत घालू नका. आणि होटगीला गेलात, तर तिथं चहाच्या टपरीवर एक म्हातारा रडगाणं गात असेल, की सोलापुरातल्या एका उलट्या काळजाच्या गाडीनं त्याची अब्रू घेतली आणि अजून माफी मागितली नाही. त्याला सांगा, काळीज माझं सरळच होतं. हात तुझे फिरले. माफी तूच मागायचीस, कुंडलिक मिस्त्री!