घड्याळजी श्वास बघायला जातो

घड्याळजीचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा काही दिवस त्याने तो टेबलाखाली लपवून पाहिला. पण मोहरीएवढं चाक चिमट्यातून तीनदा निसटलं, आणि चौथ्यांदा ते शोधत जमिनीवर रांगताना जावयाने त्याला पाहिलं.

"बाबा, पुरे आता. महिनाअखेरीला दुकानाची किल्ली माझ्याकडे द्या. मी तिथे मोबाईलची कव्हरं विकायला लावतो."

जावई वाईट नव्हता. म्हणून तर जास्त झोंबलं.

तीन डॉक्टर झाले. तिघांनीही हात सोडून वयाकडे बोट दाखवलं. शेवटी बायकोनेच मनावर घेतलं आणि नवऱ्याला विमानात घालून परदेशातल्या एका आश्रमात नेलं. तिथली वैद्यबाई म्हणे नुसत्या नाडीवरून माणसाच्या पणजोबाचं दुखणंसुद्धा ओळखायची.

आश्रमाच्या दारात घड्याळं काढून डब्यात ठेवायची होती. घड्याळजीने दोन मनगटांवरची मिळून पाच काढली.

"अहो," बायको म्हणाली.

मग त्याने खिशातलं सहावं काढलं.

पहिले तीन दिवस आसनं झाली. चाळीस वर्षं टेबलावर वाकून पाठीची अशी कमान झाली होती, की शवासनात डोकं हवेत, टाचाही हवेत आणि घड्याळजी होडीसारखा डुलतोय. दोन्हीकडून उशा लावल्या, तेव्हा कुठे किनाऱ्याला लागला.

चौथ्या दिवशी ध्यान. वैद्यबाई मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "डोळे मिटा. श्वास बघा. नुसता बघा, दुरुस्त करू नका."

घड्याळजीला बघण्याची एकच तऱ्हा ठाऊक होती. मनातल्या मनात त्याने डोळ्याला भिंग लावलं, मान पुढे काढली आणि निरखायला लागला. काही दिसेना. आणखी बारकाईने निरखलं. तरी काही नाही. तेवढ्यात तो डावीकडे कलंडला, तो रांगेतल्या सहा साधकांना सोबत घेऊनच.

तोंडावर पाणी मारल्यावर त्याने डोळे उघडले.

"काय दिसलं?" वैद्यबाईने विचारलं.

"काही नाही. श्वास नव्हताच तिथे."

"असेल कसा?" बायको उसळली. "बारीक काही बघायचं म्हटलं की हे श्वास धरून बसतात. जेवायला हाक मारली तर आधी मोठा सुस्कारा येतो, मग 'आलो'."

वैद्यबाईने त्याच्या डाव्या हाताची नाडी धरली, उजव्यात चिमटा दिला आणि समोर तांदळाचा दाणा ठेवला. चिमटा दाण्याजवळ गेला. श्वास थांबला, नाडी धावायला लागली आणि हात थरथरला.

"हात म्हातारा नाही झाला. गुदमरलाय," ती म्हणाली. "तरुणपणी मुकाट्याने सोसलं त्याने. आता ओरडतोय."

औषध म्हणून पाठीला तेल आणि एक वाटी तांदूळ मिळाले. श्वास सोडत सोडत एकेक दाणा दुसऱ्या वाटीत टाकायचा. आठवडाभराने वाटी न थरथरता रिकामी झाली, तेव्हा वैद्यबाईने आपल्या आईचं बंद पडलेलं घड्याळ त्याच्यापुढे ठेवलं.

घड्याळजीने ते उघडलं. सुटे स्क्रू ओळीने मांडले. चाक चिमट्यात धरलं आणि समाधानाने श्वास सोडला. सगळेच्या सगळे स्क्रू उडाले!

"म्हणून धरायचो श्वास!" तो ओरडला. "उस्तादांनी पहिल्या दिवशी थोबाडीत मारून शिकवलं होतं. मार लक्षात राहिला, कारण विसरलो."

मग वैद्यबाईसकट आख्खा आश्रम गुडघ्यांवर रांगला. स्क्रू सापडले. बायकोने पिशवीतला मोठा रुमाल काढला आणि नवऱ्याच्या नाकातोंडावरून मागे गाठ मारली. चाक पहिल्याच फटक्यात जागेवर बसलं.

महिनाअखेरीला जावई किल्ली न्यायला आला. टेबलाशी सासरा, नाकातोंडावर रुमाल बांधलेला.

"बाबा, दरोडा घालताय की काय?"

रुमाल हळूच फुगला आणि चाक बसलं. घड्याळ चालू लागलं. जावयाने ते कानाला लावलं, परत ठेवलं आणि मग त्या न थरथरणाऱ्या हाताकडे बघितलं.

"म्हणजे किल्ली..." तो चाचरला.

घड्याळजीने रुमाल हनुवटीवर ओढला.

"तो कोपरा घे तुझ्या कव्हरांना. पण पंखा लावायचा नाही."