ब्रेकमधली हवा

“दाब,” गाडीखालून मिस्त्री म्हणाला.

पेडल खाली गेलं. त्याने मागच्या चाकाचा, हवा सोडायचा निपल पान्याने सैल केला. नळीतून ब्रेक ऑइलबरोबर बुडबुडे आले. “धरून ठेव हं,” असं तो म्हणतोय तोच वर बसलेल्या बायकोने पाय उचलला. हवा पुन्हा आत. ही तिसरी खेप.

साठ वर्षांची ही गाडी मालकाने हौसेने नव्याने उभी करायला दिली होती. त्याला चारही चाकांना चकचकीत डिस्क ब्रेक हवे होते. मिस्त्रीने समजावलं, “साहेब, शोभेसाठी ब्रेक नसतात. पुढे दोन डिस्क लावू, मागचे जुने ड्रम ब्रेक ठणठणीत आहेत. पण पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर बदला. जुन्याचा जीव तेवढा नाही.” मालकाने ऐकलं. सगळं जागच्या जागी बसलंही. उरली होती फक्त हवा काढायची, आणि त्याला दोन माणसं लागतात.

तीस वर्षं ते दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको. हातातलं काम टाकून यायची, पाय पेडलवर आणि तोंडाने शेजारपाजारच्या बातम्या. “अर्धं गाव माझ्या पायावर थांबतंय,” म्हणायची.

वर्षभरात ती विसरायला लागली होती. आधी किल्ल्या, मग गॅस, मग लेकीचं नाव. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी त्याला वाटलं, पाय कसा विसरेल?

“अगं, सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही! किती वेळा सांगू?”

तो सरपटत बाहेर आला. परक्याच्या घरी बसावं तशी ती अंग चोरून बसली होती. डोळे भरलेले.

“रागावू नका हो, मिस्त्री. मला यातलं काही कळत नाही. आमचे हे असते ना, तर त्यांनी बरोबर केलं असतं. कुठे गेलेत कोण जाणे.”

हातातला पाना तो फडक्याने पुसत राहिला. स्वच्छ झाला तरी पुसत राहिला.

“येतीलच,” तो म्हणाला. “तोवर मला जरा मदत कराल का, बाई?”

“करते की.” तिने डोळे टिपले.

तो पुन्हा गाडीखाली शिरला. “दाबा.”

पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. तो सांगेल तेव्हा सुटलं, सांगेल तेव्हा दबलं. पाचव्या खेपेला नळीतून नुसतं तेल आलं, एकही बुडबुडा नाही. त्याने निपल आवळला.

“सोडू का हो?” तिने अदबीने विचारलं.

तो निपलवरचा पाना धरून तसाच पडून राहिला. वर ती अनोळखी माणसाच्या शब्दाखातर सगळा जीव पायात आणून पेडल दाबून बसली होती.