पक्कं काम

गाव कसलं, टेकडीवर एक किल्ला, खाली एक गल्ली, आणि गल्लीत दारं कमी, चिणलेल्या भिंतीच जास्त. घर सोडून कुणी निघालं की रिकाम्या घरात गुरं-कुत्री शिरू नयेत म्हणून दार दगडांनी बंद करायची इथली रीत. परत यायचं असेल तर नुसते दगड रचायचे, यायचंच नसेल तर सिमेंटात पक्कं करायचं. दोन्ही कामं गवंड्याकडे. अलीकडे नुसते दगड रचायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता त्याच्याच पोटच्या पोराची पाळी आली होती. मुलगा, सून आणि नात समोरच्या घरात राहायची. मुलाच्या हाताला काम नाही आणि शहरातून त्याचा मेहुणा इकडे ये म्हणून रोज फोन करतोय. तेवढ्यात कळलं, पुरातत्त्व खात्याची बाई किल्ला बघायला येणार. खात्यानं किल्ला ताब्यात घेतला तर राखणदार नेमणार, तोही गावातलाच. मुलगा म्हणाला, बाई येऊन जाईपर्यंत थांबतो.

झालं, गवंड्याच्या अंगात वारं शिरलं. एवढी मोठी पाहुणी येणार आणि किल्ल्याची दर्शनी भिंत बोळक्या म्हाताऱ्यासारखी? काही लाजबीज आहे की नाही? उरलंसुरलं गाव त्यानं कामाला जुंपलं. भेगा बुजवल्या, भिंतभर सिमेंटचा गिलावा चढवला. दरवाजावरचा शिलालेख तसाही कुणाला वाचता येत नव्हता, तोही गुळगुळीत करून टाकला. वरून पांढरा रंग. सून पदर खोचून बादल्या वाहत होती, म्हातारे एकमेकांची टिंगल करत होते. गवंडी तर हवेतच होता. पोरगं राहतंय, आणखी काय हवं माणसाला!

बाई आली. भिंतीसमोर उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत बघत राहिली. गवंड्याला वाटलं, दिपली. मग तिनं विचारलं, इथला शिलालेख कुठे गेला? त्यानं गिलाव्यावरून कौतुकानं हात फिरवून जागा दाखवली. बाईनं हातातली वही मिटली.

"काका," ती म्हणाली, "मी तुमची जुनी भिंत बघायला आले होते हो."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काढतो, आत्ता काढतो, म्हणत तो छिन्नी घेऊन धावला. पहिल्याच घावाला गिलाव्याबरोबर मूळ दगडाचा पापुद्राही सुटून खाली आला. दुसरा घाव घालणार तोच बाईनं त्याचा हात धरला. आता ह्यात जपण्यासारखं काही राहिलं नाही, असं तिनं शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं आणि ती गेली.

मुलगा घरात जाऊन सामान बांधायला लागला. बापावर ओरडला असता तर गवंड्याला सोसलं असतं. चार दिवसांत सामान टेम्पोत चढलं, नात सुनेच्या मांडीवर बसली, आणि गवंड्यानं मुलाच्या दारात दगड रचायला घेतले. नुसतेच. एकावर एक, सैल, उद्या सहज काढता येतील असे.

मुलगा टेम्पोतून उतरला. किल्ल्याच्या कामातलं उरलेलं सिमेंटचं अर्धं पोतं कोपऱ्यात पडलं होतं, ते उचलून त्यानं बापाच्या पायाशी आणून ठेवलं.

"बाबा, पक्कं करा."

गवंड्यानं रचलेले दगड पुन्हा उतरवले आणि पाणी आणायला गेला.