स्ट्रॉबेरीचा शेवटचा रनर

माझा आवाज मोठा आहे, हे सौंसरपासून बोरगावपर्यंत सगळ्यांले ठाऊक आहे. माहेरी पांढुर्ण्याले आई म्हणायची, आमची दिपाली जाम नदीच्या अलीकडून पलीकडच्या सावरगावच्या माणसाले हाक मारते. जित्याची खोड, काय करता! पण त्या दिवशी हाच आवाज मले नडला.

बोरगावाजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. त्याच्या कडेले हिरव्या नेटखाली मी स्ट्रॉबेरी लावली. लोक हसले. स्ट्रॉबेरी इथं होते हो, पण नागपूरले पोचेपर्यंत तिचा लगदा होते. हिवाळाभर मी तेच पाहून राहिली होती. अन् मग एका झाडाची फळं लाल होऊनही टणक राहिली. घरात ठेवली, विसरली, तरी त्यांले पाणी सुटलं नाही.

माझ्यासोबत शिकलेला पंकज नागपूरच्या एका लॅबमध्ये आहे. त्याले फळं पाठवली. त्यानं फोनवर समजावलं, की फळाच्या पेशी पेक्टिनच्या डिंकानं एकमेकींले चिकटून असतात. फळ पिकायले लागलं की काही जनुकं जागी होतात, एन्झाइम बनवतात, अन् ते एन्झाइम पेशींच्या भिंतीतलं पेक्टिन कापत सुटतात. म्हणजे फळाले बाहेरून कोणी मारत नाही, ते सोताच सोताले विरघळवते. माझ्या झाडात पेक्टेट लायेज नावाच्या एन्झाइमचं जनुक जवळजवळ झोपूनच होतं. पण बी पेरून उपयोग नाही, बियातून गुण बदलते, रनरच पाहिजे, असं तो म्हणाला. रनर म्हणजे झाडातून निघून जमिनीवर सरपटणारा दोरा. त्याच्या टोकाले हुबेहूब आईसारखं पिल्लू धरते. पिल्लानं मूळ धरलं की तो येऊन नेणार होता.

अन् नेमकं तेच झाड मरायले टेकलं. मुळं सडली होती, ऊन तापून राहिलं होतं. अशातही बिचाऱ्यानं रनर काढले. टोकाले पानं फुटली, पण मुळं अजून मातीत शिरली नव्हती. माझा जीव टांगणीले लागला होता.

त्या सकाळी मी सौंसरले कोकोपीट, म्हणजे रोपं लावायचा नारळाचा भुसा, आणायले गेली. परत आली तर माझे सासरे रघुनाथराव, आमचे मामाजी, नेटमध्ये वाकून बसलेले. हातात सिकेटर, फांद्या छाटायची कात्री. मामाजींची सारी जिंदगी संत्र्यात गेली. संत्र्याले पानसोट फुटते. सरळ, जोरदार फांदी, फळ देत नाही अन् झाडाचं सगळं पिऊन घेते. संत्रावाल्याले ती दिसली की तो कापतेच, कोणाले विचारत नाही. आजारी झाडावर हे दोरे पाहून मामाजींले वाटलं, पानसोटच आहे. ते झाड वाचवून राहिले होते.

कापलेले रनर बांधावर उन्हात पडले होते, पापडासारखे. एकच उरला होता, अन् सिकेटरचं पातं त्याच्यावरच होतं.

"मामाजी!" मी ओरडली.

हळू म्हटलं असतं तर त्यांनी हात काढून घेतला असता. ते दचकले, मूठ आवळली गेली, अन् तोही तुटला.

मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जे बोलली ते सासऱ्याले कोणी बोलत नाही. बाजूच्या वावरातले गुणवंताभाऊ काम सोडून पाहत राहिले. माझं झाड मारायलेच आले का तुम्ही, इथपर्यंत मी गेली. मामाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडला, पाइपाखाली भिजवला, तुटका रनर त्यात गुंडाळला अन् माझ्यापुढे धरला. मले लाज वाटली, पण राग उतरला नाही. खोटं कशाले सांगू?

पंकजले फोन लावला. तो म्हणाला, पानांच्या बुडाशी मुळांचे फोड असतील तर आशा आहे, नसतील तर विसर. उलटून पाह्यलं. मोहरीएवढे फोड होते. सावलीत कोकोपीटमध्ये लावलं, वरून काचेची बरणी पालथी घातली.

मोठं झाड त्याच आठवड्यात गेलं. आता जे काही होतं ते बरणीखाली. त्याचं एक पान पिवळं पडलं, दुसरं मान टाकून बसलं. मामाजी बरणीपाशी खुर्ची टाकून बसायचे. फवाऱ्याची बाटली पायाशी असायची, पण पाणी मारायले मले हाक मारायचे, सोता हात लावत नव्हते. आमच्यात बोलणं तेवढंच उरलं होतं.

शेवटी पंकज आला. मूळ धरलं का, हे पाहायची रीत साधी आहे: हलकंच वर ओढायचं. निघून आलं तर संपलं. त्यानं बरणी उचलली. माझी हिंमत होईना. मी मामाजींले म्हटलं, तुम्ही ओढा.

"नाही," ते म्हणाले. "माह्या हातानं एकदा झालं, ते पुरे."

"तुमच्या नाही, माझ्या ओरडण्यानं झालं ते. ओढा."

त्यांनी दोन बोटांत पिल्लू धरलं. ओढलं. थांबले. जरा जोरानं परत ओढलं.

"सोडत नाही वं पोरी," ते म्हणाले, अन् बोटं तशीच ठेवून रडायले लागले.