काखेतून तोंडात

मी थर्मामीटर बोलतोय. काचेचा आहे, पण भोळा नाही. कोणी म्हणालं, "काही नाही हो, नुसती कणकण," की मला आधी संशय येतो. माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हेच माझं काम.

माझी पहिली मालकीण कमळाबाई, परळच्या इस्पितळातली नर्स. घोडपदेवला राहायची, मराठ्याच्या घरातली. इस्पितळात ती मला रोग्यांच्या जिभेखाली ठेवायची. पण भोईवाड्यात एक चाळ होती, तिथली माणसं नुकतीच बौद्ध झालेली. तिथे देवी टोचायला गेली की मी काखेत. का, ते ती बोलायची नाही. मला मात्र कळायचं आणि रागही यायचा.

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते तेव्हाची गोष्ट. त्या चाळीतल्या शेवंताबाईंची नलू मॅट्रिक झाली. हिला नर्सिंगला पाठवा, असा कमळाबाईने हट्टच धरला. मी म्हटलं, कमळाबाईला एवढा पुळका कशाचा? शेवंताबाईंनाही तीच शंका. अंगात ताप होता तरी उठून बसल्या.

"गावकीची घाण उचलणं टाकलं, तेव्हा कुठं मान वर झाली. आता पोरीनं इस्पितळात रोग्यांची घाणीची भांडी उचलायची? तुमच्या मुली येत न्हाईत, म्हणून आमच्या पाहिजेत व्हय?"

कमळाबाई म्हणाली, ती भांडी मीही उचलते, माझ्या घरचेही त्यावरून नाकं मुरडतात. शेवंताबाईंना पटलं नाही. मलाही नाही. बोलायला काय जातं! मग ताप बघायला तिने मला काढलं आणि सवयीने काखेकडे नेलं.

शेवंताबाईंनी तिचा हात धरला. "इस्पितळात कुठं लावता?"

"तोंडात."

"मग तोंडात लावा. आन् नंतर तुमच्या तोंडात."

नलू दारात उभी होती. कमळाबाई हात सोडवून निघून गेली असती, तर पोरीचं नर्सिंग तिथंच संपलं असतं.

कमळाबाई लालबुंद झाली. मला शेवंताबाईंच्या जिभेखाली ठेवलं. एकशे दोन ताप. मग स्पिरिटने पुसलं, पाण्याने धुतलं. जास्तच घासतेय का, म्हणून मी लक्ष ठेवून होतो. नाही, रोजच्याइतकंच. मग तिने मला स्वतःच्या तोंडात धरलं. पुरतं मिनिटभर काढलं नाही.

"जाऊ दे पोरीला," शेवंताबाई म्हणाल्या. "पण मी दर रविवारी येऊन बघणार."

आणि खरंच यायच्या. आधी नलूचे हात हुंगायच्या. घाणीचा नाही, साबणाचा वास आला की मग ख्यालीखुशाली.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी नलू नर्स झाली. कमळाबाईने मला तिच्या हाती दिलं. पहिल्याच दिवशी एका आजीने तिचं आडनाव विचारलं, ते ऐकलं आणि ओठ मिटून घेतले. काखेत लाव म्हणून खूण केली. मला वाटलं, ही आता रडणार. नलू मला धरून उभीच राहिली.

"तोंडातच लावायचाय, आजी. मी थांबते."

बऱ्याच वेळाने आजीने तोंड उघडलं.

आता माझे आकडे पुसट झालेत, लवकरच मला टाकून देतील. जाण्याआधी एवढंच सांगतो. तुमच्याही घरात नर्सिंगला जाऊ म्हणणारी मुलगी असेल आणि तुम्हाला शंका येत असेल, तर शंका खुशाल घ्या. दर रविवारी जाऊन तिचे हात हुंगा. पण आधी तिला जाऊ द्या.