फोन वाजला की आत्या

मी तोंडाची फटकळ आहे, अख्खी गल्ली सांगेल. इस्त्रीच्या दुकानात गोड बोलून भागतच नाही. लोक शर्ट डागासकट आणतात आणि नेताना म्हणतात, तुम्हीच जाळलात. पण वहिनीला खरं सांगायची वेळ आली तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली, ती दोन वर्षं सुटली नाही.

दादा आणि वहिनी परदेशातल्या हॉटेलात कामाला गेले तेव्हा त्यांची लेक भिंगरी दोन वर्षांची होती. दादा तिथं भांडी घासतो, वहिनी रोज बावीस पलंगांच्या चादरी बदलते आणि धुते. "दोनच वर्षं गं, तेवढी सांभाळ," वहिनी म्हणाली होती. दोनाची चार झाली.

माझा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भिंगरी शाळेत जायला लागली आणि एके दिवशी दुकानात येऊन, गिऱ्हाइकांदेखत मला म्हणाली, "आई, भूक लागली." सगळ्या पोरांना न्यायला आया येतात, हिला मी. तिनं आपला हिशोब जुळवला. मी तिथंच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. खोटं कशाला बोलू, ऐकून इतकं बरं वाटलं की हाताखालची पँट करपली.

मग मी दीडशहाणीनं तोड काढली. फोनवरच्या बाईला आई म्हणायचं, आणि फोन चालू असेपर्यंत मला आत्या. फोन ठेवला की तू म्हणशील ते. कार्टी हुशार, एकदाही चुकली नाही. वहिनी तिकडून म्हणायची, "किती गुणाची गं माझी बाय, आईला विसरली नाही." मी "हो ना" म्हणायचे आणि मान खाली घालून कॉलरवर पाणी मारत बसायचे.

गेल्या महिन्यात भिंगरीचे कागद झाले. तिला कायमचं न्यायला दोघं सोमवारी आली, आठ दिवसांची रजा काढून. टॅक्सीतून उतरल्या उतरल्या वहिनीनं तिला उचलून छातीशी धरलं. पोर ताठ झाली, पण "आई" म्हणाली. मला म्हणाली, "आत्या, पाणी दे." वहिनीच्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, चला, निभावलं.

तीन दिवस भिंगरी चुकली नाही. आज दुपारी जेवताना मात्र कंटाळली. ताट सरकवून माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझ्या कानाशी लागली. तिचं कुजबुजणं म्हणजे गावभर दवंडी.

"आई, ही माणसं फोन कधी ठेवणार?"

दादाचा घास हातातच राहिला. मी सगळं सांगून टाकलं, एका दमात. म्हटलं, "मला शिव्या दे, दोन थोबाडीत मार, पण पोरीला काही बोलू नकोस. तिनं मी सांगितलं तेवढंच केलं."

वहिनीनं हातसुद्धा उचलला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती भिंगरीसमोर सरकून बसली. चादरी धुऊन तिच्या बोटांची सालं निघालेली, ते हात तिनं मांडीखाली दाबून धरले.

"भिंगरे," ती म्हणाली, "मी कोण तुझी?"

भिंगरीनं आधी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणायचं, ते मी सांगायची वाट बघत होती. मी वहिनीकडे बोट केलं आणि मान हलवली.

तशी भिंगरी सरळ बसली, केस मागे सारले आणि फोनवरच्या शहाण्या आवाजात म्हणाली, "आई. जेवलीस का? तिकडे थंडी आहे का गं?"

वहिनी तिच्यापासून हातभर लांब होती.

"आहे गं बाळा," ती म्हणाली. "खूप थंडी आहे."