न नासणारं रेत

निपाणीजवळच्या माळावर रांग लागली होती ती वास घ्यायला. टेबलावर दोन बाटल्या, दोन्हींत मष्णूमहाराजांच्या रेड्याचं रेत, आठ दिवस उन्हात ठेवलेलं; एकीवर महाराजांनी मंत्र टाकलेला, दुसरीवर नाही. बिनमंत्राच्या बाटलीला नाक लावणारा तिथंच ओकत होता. मंत्राच्या बाटलीला नाक लावणारा हात जोडून आपल्या म्हशीसाठी चमचाभर नेत होता. श्रद्धेचा मार्ग नाकातून जातो, असं महाराज सांगत. दोन वर्षांपूर्वी ते मच्छे गावातल्या एका कारखान्यात वॉचमन होते, तेव्हा मार्ग गेटातून जायचा.

रांगेत जयाबाई होती. हातात कोमट दुधाची दोन गाडगी, पोटात राग. हेच मंत्राचं रेत भरल्यापासून तिची चंद्री म्हैस गाभण राहिली नाहीच, उलट गर्भपिशवीत पू झाला आणि तो नेहमीच्या इंजेक्शनला दाद देईना. चिकोडीच्या जनावरांच्या डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाल्या, बाटलीत अँटिबायोटिकची पावडर असणार. तिनं बरेच जंतू मरतात, पण जे निबर उरतात त्यांना मग ते औषध लागू पडत नाही. दवाखान्यातल्या रेताच्या कांडीतही औषध असतं, पण मोजून, आणि कांडी नायट्रोजनच्या गारठ्यात राहते. बाटलीतल्या रेताच्या तपासणीचा रिपोर्ट मात्र दहा दिवसांनी येणार होता.

जयाबाईला तेवढा दम नव्हता. "इंजेक्शन दिलेल्या म्हशीच्या दुधाला इरजण लागत न्हाय," ती म्हणाली. "एवढं आमालाबी कळतंय."

तिनं सगळ्यांसमोर दोन्ही गाडग्यांत सारखंच विरजण घातलं आणि महाराजांकडून एकेका बाटलीतले चार-चार चमचे मागून घेतले. गर्दी बघून महाराजांनी पाच-पाच घातले. मग ती विळा मांडीवर घेऊन दिवसभर गाडग्यांशेजारी बसली. महाराज दोनदा झाकण बघायला आले, दोनदा विळा जरासा हलला.

सांजेला तिनं बिनमंत्राचं गाडगं स्वतःच्या डोक्यावर पालथं धरलं. वास सुटला, थेंब सुटला नाही. मंत्राचं तिनं महाराजांच्या डोक्यावर धरलं. दूध जटांतून, दाढीतून, माळांतून थेट बेंबीपर्यंत गेलं.

"मष्णू, मंत्रानं दही मरतंय व्हय रं?"

रांगेतल्या रवळूअण्णांनी टेबलाखालचं पोतं ओतलं. कोंबड्यांच्या अँटिबायोटिकची पाकिटं निघाली, मंत्राचं एकही नाही. जयाबाईनं बोलावून आणलेल्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोप मांडला. पुन्हा रांग लागली, या वेळी डोळा लावायला. वास न येणाऱ्या त्या थेंबात एकही बीज हलत नव्हतं.

पोलीस येईपर्यंत महाराजांना बिनमंत्राच्या बाटलीशेजारी बसवलं. बूच काढून.

चंद्रीचा पू तपासणीला गेलाय. तिला रेडकू होईल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून एवढंच सांगणं: चमत्कार दिसला, तर नमस्काराआधी त्याला विरजण लावून बघा.